बटाट्याचं सॅलड अव्होकाडो घालून, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आधीच सांगून टाकतो, हे काही फार मोठं प्रकरण नाहीये. ज्याला बटाट्याची दह्यातली कोशिंबीर करता येते त्याला हे सॅलड येतंच. अडचण फक्त दोन ठिकाणी होते. एक म्हणजे आपल्याकडे बटाटा उकडतात तोच मुळी कुस्करायला, वडा असो पराठा असो, त्यामुळे फोडी अख्ख्या राहतील असा बटाटा उकडायची हाताला सवयच नसते. आणि दुसरी अडचण म्हणजे खुद्द अव्होकाडो, जो आणला त्या दिवशी दगड असतो, तीन दिवस दगडच असतो आणि चौथ्या दिवशी आपण ऑफिसातून घरी येईपर्यंत आतून काळा पडलेला असतो.

मी हे पहिल्यांदा केलं ते सोसायटीच्या कोजागिरीला. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा होता, भेळ कोणीतरी घेतली, वडे घेतले, मसाला दूध कमिटीकडे, मग म्हटलं आपण जरा वेगळं नेऊ. बटाटे कुकरमधून काढले, हात भाजत गरम गरम चिरले, त्यातच अव्होकाडोच्या फोडी टाकल्या, वरून लिंबू पिळलं, घट्ट झाकण लावलं आणि गेलो टेरेसवर. दूध आटून चंद्र त्यात दिसेपर्यंत डब्याकडे कोणी वळलंच नाही, आणि उघडला तेव्हा आत शेवाळी रंगाचा गोळा. दुसऱ्या मजल्यावरचे काका वाकून बघत म्हणाले, "पालकाचं पिठलं का? वा." चव घेतली तर कडवट. डबा नेला तसाच खाली आणला.

त्यानंतर पाच-सहा वेळा केलं तेव्हा कळलं की यात सगळा खेळ वेळेचा आहे. बटाट्याला आंबट-खारट जे काय द्यायचं ते तो गरम असतानाच द्यायचं, आणि अव्होकाडो मात्र बटाटा पूर्ण गार झाल्याशिवाय त्याच्या आसपासही फिरकू द्यायचा नाही. उलटं केलंत की पिठलं.

साहित्य, चार जणांना जेवणासोबत पुरेल असं:

बटाटे ६०० ग्रॅम, म्हणजे मध्यम पाच-सहा
अव्होकाडो २, एक पूर्ण मऊ आणि एक जरा घट्ट (हे का ते पुढे सांगतो)
चक्का १०० ग्रॅम
पातीचे कांदे ३, किंवा साधा कांदा १ छोटा
काकडी १ छोटी
हिरवी मिरची १, कोथिंबीर मूठभर
लिंबं २
मोहरीची पूड १ छोटा चमचा, किंवा तयार मस्टर्ड तेवढंच
तेल २ मोठे चमचे
व्हिनेगर, मीठ, ताजी कुटलेली मिरी

मेयोनीज यादीत नाहीये ते मुद्दाम. मेयोनीजचं काम असतं ते स्निग्धपणा द्यायचं आणि ते काम अव्होकाडो करतोच, त्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १५ ग्रॅम फॅट असतं. वर मेयोनीज घातलं की फक्त जड होतं, चव कळत नाही. त्याऐवजी चक्का. पुण्यात चक्का कुठल्याही डेअरीत सुट्टा मिळतो, बाहेरगावच्या लोकांना यासाठी दही रात्रभर फडक्यात टांगावं लागतं, आपल्याला श्रीखंडाच्या कृपेने तो त्रास नाही. फक्त घेताना थोडा चाखून बघा, फार आंबट असेल तर लिंबू कमी करा.

आता अव्होकाडो. याची तयारी तीन-चार दिवस आधीपासून करायची, आज रात्री करायचंय म्हणून आज संध्याकाळी आणायला गेलात तर बहुतेक वेळा फसाल. मंडईत जिथे ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस वगैरे "इंग्लिश भाज्या" मिळतात तिथे हा असतो, कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात असतो, आणि आता तर दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवाल्यांकडेही असतो पण ते निवडू देत नाहीत आणि यात निवडण्यालाच महत्त्व आहे.

साधारण दोन प्रकार दिसतील. एक छोटा, जाड खडबडीत सालीचा, तो हॅस. हा बाहेरून येतो, टांझानिया, केनिया वगैरेकडून. हॅस हे आडनाव आहे, कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हॅस नावाच्या एका पोस्टमनच्या अंगणातलं हे झाड, त्याने १९३५ साली त्याचं पेटंट घेतलं आणि आज जगात सगळीकडे बहुतेक हाच विकला जातो. नवख्या माणसाला हा सोपा, कारण कच्चा असताना हिरवा आणि पिकला की काळपट जांभळा होतो, रंगच सांगतो. दुसरा आपला, कूर्ग, वायनाड, निलगिरी, कोडाईकनालकडचा, मोठा, गुळगुळीत हिरव्या सालीचा, पावसाळ्याच्या आसपास जास्त येतो, दक्षिणेत याला बटर फ्रूट म्हणतात. हा स्वस्त पडतो पण पिकला तरी बराचसा हिरवाच राहतो त्यामुळे रंगावर जाता येत नाही, आणि त्यात पाणी जास्त, स्निग्धपणा कमी. सॅलडला दोन्ही चालतात. हॅसचं ड्रेसिंग दाट होतं, आपल्यावाल्याचं थोडं पातळ होतं म्हणून चक्का एखादा चमचा वाढवायचा, बस.

मऊ झालाय का हे बघायला अंगठ्याने दाबू नका. मी मंडईत एकदा दाबायला लागलो तर गाळ्यावरच्या मावशी म्हणाल्या, "दादा दाबू नका, दाबून दाबून काळे करतात आणि मग म्हणतात काळा का दिला." बरोबरच आहे, दाबलेल्या जागी दोन दिवसांत आत डाग पडतो आणि तो पुढच्या गिऱ्हाईकाच्या नशिबी येतो. अख्खा तळहातात घ्यायचा आणि सगळ्या बोटांनी हलकेच मिठी मारल्यासारखं करायचं. थोडा दबला की तयार. अजिबात नाही दबला तर तीन-चार दिवस लागणार. साल आतून सुटल्यासारखी, पोकळ लागली तर घेऊ नका, परत जागेवर ठेवून द्या. अजून एक खूण म्हणजे देठाकडची छोटी टिकली, ती नखाने सहज निघाली आणि खाली हिरवं-पिवळं दिसलं तर आतून चांगला असतो, तपकिरी दिसलं तर गेलेला. पण ही खूण घरी आपल्या फळावर करा हो, दुकानात सगळ्यांच्या टिकल्या काढत बसू नका, टिकली गेली की तिथूनच फळ खराब व्हायला लागतं. मी सरळ मावशींना सांगतो, एक आजचा द्या आणि एक परवाचा द्या, त्या बरोबर काढून देतात.

अव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यानंतर पिकतो, त्यामुळे कच्चा मिळाला तर घाबरायचं कारण नाही. आंब्याची अढी घालतात तेच तत्त्व. कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवा, केळ्यातून जो इथिलीन वायू निघतो त्याने हा लवकर पिकतो, किंवा सरळ तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा. फक्त रोज संध्याकाळी बघायचं. मी एकदा तांदळात ठेवून विसरलो आणि आठवड्याने आईने भाताला तांदूळ काढताना तिच्या हाताला जे लागलं त्यावरून घरात बरंच काही बोललं गेलं, ते इथे लिहीत नाही. पिकला आणि आज लागणार नसेल तर अख्खाच फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस थांबतो. कच्चा असताना फ्रीजमध्ये टाकू नका, पिकायचंच थांबतं. आणि ते रील्समध्ये दाखवतात ना की पाण्यात बुडवून ठेवा महिनाभर हिरवा राहतो, तसलं काही करू नका, सालीवर जे काही जंतू असतील ते त्या पाण्यात आरामात वाढतात.

बटाट्याबद्दल आता. मार्केट यार्डाच्या बाजारभावात आग्रा, इंदौर, तळेगाव अशी नावं वाचली असतील, ती गावांची नावं आहेत, बटाट्याची जात त्यावरून कळत नाही. जाती म्हणजे कुफरी ज्योती, कुफरी पुखराज वगैरे, कुफरी हे सिमल्याजवळचं गाव, पण भाजीवाल्याला हे विचारलंत तर तो तुमच्याकडेच बघत बसेल. आपल्याला हवा तो मेणासारखा बटाटा, जो उकडल्यावर चिकटसर आणि घट्ट राहतो. पिठूळ बटाटा वड्याला उत्तम, इथे कामाचा नाही, ढवळला की कडा झडतात. साधी ओळख म्हणजे नवा बटाटा घ्या, ज्याची साल नखाने खरवडली की निघते. आपल्याकडे सातगाव पठाराकडचा पावसाळी बटाटा निघतो तेव्हा असा ताजा मिळतो, आणि उन्हाळा लागायच्या आधी रब्बीचा नवा येतो तोही चांगला. कोल्ड स्टोरेजमधला जुना असेल तर तो थोडा गोडसर लागतो, थंडीत स्टार्चची साखर होते त्यामुळे, मग लिंबू जरा सढळ हाताने.

ज्यांना शंकाच फार येतात त्यांच्यासाठी एक गंमत, एक वाटी मीठ आणि अकरा वाट्या पाणी असं कालवा आणि त्यात बटाटे सोडा. पिठूळ बटाटा जड असतो, तो बुडतो, मेणासारखा तरंगतो. मी केलंय, खरंच होतं. वाटीभर मीठ वाया घालवलं म्हणून ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं. हिरवट पडलेले किंवा खूप कोंब आलेले बटाटे मात्र घेऊच नका, तो हिरवेपणा कितीही उकडला तरी त्यातलं बाधणारं जात नाही.

उकडणं. कुकर बाजूला ठेवा. कुकरमध्ये पाण्यात बुडवून उकडलेला बटाटा बाहेरून फुटतो, पाणी पितो आणि आत कधीकधी कच्चाच राहतो, आणि झाकण लागलं की मध्येच टोचूनही बघता येत नाही. फारच घाई असेल तर अख्खे बटाटे कुकरच्या भांड्यात, भांड्यात पाणी न घालता, फक्त वाफेवर, माझ्या कुकरला दोन शिट्ट्या पुरतात, तुमच्या कुकरचं तुम्हालाच माहीत.

पण पहिल्यांदा करताय तर पातेल्यात करा. बटाटे सोलून अंगठ्याच्या पेराएवढ्या, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी करा आणि सगळ्या शक्यतो सारख्या, नाहीतर अर्ध्या गळतात आणि अर्ध्या कच्च्या. एकदा पाण्यात धुऊन वरचा स्टार्च काढून टाका. मग पातेल्यात घालून गार पाणी ओता, फोडींच्या वर दोन बोटं येईल इतकं, आणि गॅस लावा. पाणी उकळतंय त्यात बटाटा टाकला तर बाहेरचा भाग आधी शिजून मोडायला लागतो आणि मध्ये कच्चं राहतं, गार पाण्यापासून सुरुवात केली की सगळीकडे एकसारखा शिजतो. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा व्हिनेगर. मीठ आत मुरतं, नंतर वरून कितीही घातलं तरी तसं लागत नाही. आणि व्हिनेगर यासाठी की आंबटात बटाट्यातलं पेक्टिन लवकर विरघळत नाही, फोडीच्या कडा धरून राहतात. आपण चिंच घातलेल्या आमटीत बटाटा टाकला की तो शिजता शिजत नाही ना, तेच इथे आपल्या फायद्याचं होतं.

उकळी आली की गॅस बारीक, पाणी नुसतं हलत राहील इतपत, आणि तिथून दहा-बारा मिनिटं. आठव्या मिनिटापासून एकेक फोड काढून सुरीचं टोक घालून बघायचं. टोक विनासायास आत गेलं पण फोड दुभंगली नाही, तो क्षण. इथे फोनवर बोलत बसू नका, दोन मिनिटांत हातातून जातं. चाळणीत ओता, निथळू द्या, आणि परत त्याच रिकाम्या गरम पातेल्यात घालून, गॅस बंदच ठेवून, दोन मिनिटं तसंच राहू द्या. वाफ निघून जाते, फोडींचा वरचा भाग कोरडा आणि थोडा पांढरट, खरखरीत दिसायला लागतो. असा दिसला की समजायचं आता तो काहीही पिऊन घ्यायला तयार आहे.

आणि इथेच, गरम असतानाच, एका लिंबाचा रस, एक मोठा चमचा तेल, चिमूटभर मीठ, मिरी. चमच्याने ढवळू नका, पातेलं दोन्ही कानांना फडक्याने धरून वर-खाली हलवा, पोह्यांना आपण करतो तसं. दोन मिनिटांनी बघाल तर तळाशी रसाचा थेंब नसेल, सगळा आत. हेच तुम्ही गार बटाट्यावर करून बघा, रस खाली बाऊलमध्ये साचतो आणि बटाटा आतून बेचव तो बेचवच. दक्षिण जर्मनीत तर बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनीज घालतच नाहीत, गरम बटाट्यावर गरम सूप आणि व्हिनेगर ओततात आणि तो ते शोषतो, एवढ्यावरच त्यांचं सॅलड उभं असतं. आपल्या लग्नाच्या बुफेत गोडसर पांढरं रशियन सॅलड असतं ते या बाबतीत अगदी दुसऱ्या टोकाचं, सगळं गार आणि वरून मेयोनीज.

मग फोडी ताटात किंवा परातीत एका थरात पसरून पंख्याखाली. पातेल्यात ढीग करून ठेवल्या तर मधल्या तासभर गरम राहतात. पसरल्यावर अर्ध्या तासात गार होतात, हाताची मागची बाजू लावून बघा, जरासुद्धा कोमट नको.

तोवर मोहरी. तयार मस्टर्ड असेल तर प्रश्नच नाही, पण घरची फेटलेली मोहरी जास्त मजा आणते. मोहरीची पूड छोट्या वाटीत घेऊन दोन चमचे गार पाण्यात कालवा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी गारच हवं, गरम पाण्यात तिचा झणका उतरतच नाही. दहा मिनिटांनी वाटी नाकाजवळ नेलीत की डोळ्यांत पाणी यायला हवं. नाही आलं तर पूड जुनी आहे.

काकडी बारीक चिरून थोडं मीठ लावून ठेवा आणि घालताना घट्ट पिळून घाला, नाहीतर सगळं पाणी सॅलडमध्ये उतरतं. साधा कांदा वापरणार असाल तर चिरून पाच मिनिटं पाण्यात. चैत्र-वैशाखात काकडीऐवजी कैरी बारीक चिरून घाला, मग दुसरं लिंबू जवळपास लागतच नाही आणि दाताखाली आलं की काय सांगू.

आता अव्होकाडो चिरायचा. सुरी उभी घालून आतल्या बीपर्यंत न्या, फळ गोल फिरवत एक पूर्ण चीर द्या, मग दोन्ही हातांनी दोन भाग उलट दिशांना पिळा, उघडतो. बी ज्या भागात राहते तो भाग हातात धरून बीवर सुरी मारतात ते व्हिडिओत बघायला भारी वाटतं, मी ते करून डाव्या तळहाताला दोन टाके घालून घेतलेत. चमचा घ्या, बीच्या कडेने खाली सरकवा, उचला. झालं. गर पण चमच्यानेच सालीलगत काढा. आत थोड्या तपकिरी रेघा असतील तर तेवढ्या काढून बाकी वापरा, सगळाच करडा आणि वास उतरलेला असेल तर फेकून द्या, जीव तुटतो पण फेका. आणि कापल्यावर कच्चा निघाला तर लिंबू लावून दोन्ही अर्धे परत जोडून, गुंडाळून ठेवा, दोन दिवसांत थोडा मऊ होतो, पण खरं सांगायचं तर ती चव येत नाही, त्या दिवशी सरळ बटाट्याची कोशिंबीर करा.

जो मऊ आहे तो बाऊलमध्ये घ्या, त्यावर लगेच अर्धं लिंबू, आणि काट्याने चेचा. त्यात चक्का, मोहरी, उरलेलं तेल, मीठ, मिरची बारीक चिरून. मिक्सर नको, मिक्सरमध्ये हवा मिसळते आणि हवा हीच अव्होकाडोची शत्रू, त्यातलं एक एन्झाईम ऑक्सिजनशी भेटलं की रंग तपकिरी होतो, सफरचंदाचं आणि चिरलेल्या वांग्याचं होतं तेच. लिंबाने ते बंद होत नाही पण बरंच लांबतं. हे ड्रेसिंग श्रीखंडापेक्षा थोडं सैल हवं. घट्ट वाटलं तर चमचाभर दूध.

जो घट्ट आहे त्याच्या बटाट्याएवढ्याच फोडी करा आणि उरलेलं अर्धं लिंबू त्यांना चोळा. आता कळलं असेल दोन वेगवेगळे का घ्यायचे. दोन्ही मऊ असले तर फोडी राहत नाहीत, सगळं एकच गिचका, आणि दोन्ही घट्ट असले तर ड्रेसिंगमध्ये गुठळ्या.

शेवटचं काम, आणि हे वाढायच्या आधी अर्ध्या तासाच्या आतच. गार बटाट्यावर ड्रेसिंग, पातीचा कांदा, पिळलेली काकडी, कोथिंबीर, हे हाताने किंवा मोठ्या कालथ्याने खालून वर असं हलकेच. सगळ्यात शेवटी अव्होकाडोच्या फोडी वरून टाकायच्या आणि फक्त दोनदा उलटायचं. तिसऱ्यांदा हात गेला की थांबवा. चाखून मीठ बघा, गार पदार्थाला मीठ नेहमी थोडं जास्त लागतं.

आईने पहिल्यांदा नीट जमलेलं खाल्लं तेव्हा ती म्हणाली, "अरे चांगलंय, पण याला फोडणी का नाही?" मी म्हटलं आई अगं सॅलडला फोडणी नसते, तर म्हणाली मग कोशिंबिरीला कशी असते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी तिने घाण्याच्या शेंगदाणा तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि एक सुकी मिरची अशी फोडणी केली आणि थेट वरून ओतायला निघाली, मी अक्षरशः हात धरला, कारण अव्होकाडोला उष्णता लागली की तो कडवट होतो, माझ्या कोजागिरीच्या डब्यात अर्धा घोटाळा तोच होता. मग फोडणी गरम बटाट्यावर घातली, लिंबाच्या जोडीने, त्या पातेलं हलवायच्या टप्प्याला. आता आमच्याकडे असंच होतं आणि मला तेच जास्त आवडतं. फोडणी घालणार असाल तर ड्रेसिंगमधली मोहरी आणि तेल दोन्ही गाळा, मोहरी दोनदा होते.

तिचा दुसरा प्रश्न, उपवासाला चालतं का. म्हटलं बटाटा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आला, बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचाच, तरी चतुर्थीला चालतो, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही तिकडचाच, मग मेक्सिकोच्या या बिचाऱ्या फळाने काय घोडं मारलंय. मोहरी-कांदा गाळून, जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट घालून करता येतं आणि लागतं छान, पण तिच्या यादीत त्याला अजून प्रवेश मिळालेला नाही. तुमच्या घरी विचारून घ्या.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी भरभर सांगतो. घरात पोपट किंवा दुसरा कुठला पक्षी पाळलेला असेल तर त्याला यातलं काही देऊ नका, अव्होकाडो पक्ष्यांना विषारी असतो. ज्यांना रबराच्या ग्लोव्हजची, लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांना कधीकधी अव्होकाडोही सोसत नाही, पाहुण्यांना आधी विचारा. आणि बाहेर काढून ठेवलेलं दोन तासांत संपवा, एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तासाभरातच, चक्का आणि उकडलेला बटाटा दोन्ही उन्हात लवकर फिरतात. टेरेसवर न्यायचं असेल तर बटाटे आणि ड्रेसिंग वेगवेगळ्या डब्यांत, अव्होकाडो अख्खा पिशवीत, आणि तिथेच चिरून कालवा.

उरलं तर डब्यात दाबून सपाट करा, क्लिंग फिल्म किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी थेट सॅलडला चिकटेल अशी लावा, मध्ये हवा नको, मग झाकण आणि फ्रीज. बी मध्ये खुपसून ठेवली की हिरवं राहतं म्हणतात, ते फक्त बीच्या खाली जेवढं झाकलं जातं तेवढंच. दुसऱ्या दिवशी वरचा पापुद्रा थोडा तपकिरी होईल, तो ढवळला की दिसत नाही आणि चवीत फरक पडत नाही. ब्रेडवर जाड थर देऊन, वर टोमॅटोची चकती, असं गार सँडविच मस्त होतं. गारच. मी एकदा ऑफिसात सवयीने डबा मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट ठेवला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं, घरी आईने भरलेला डबा बघून विचारलं तर म्हटलं आज मीटिंग लांबली.